इतकी मोठी गाडी, आणि तीही डिझेलची?

नवी गाडी घरी आल्यापासून सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसात आणि लग्नकार्यांत मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. सगळे जण विजेच्या गाड्यांकडे वळत असताना तुम्ही डिझेलची एसयूव्ही का घेतलीत, आणि आता ती कशी वाटते? काही जण हा प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारतात, कारण गाडीविषयीचे प्रश्न घरातल्या पुरुषालाच विचारायचे असतात हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. तो माझ्याकडे बोट दाखवतो, कारण गाडी निवडली मी आणि बहुतेक वेळा चालवतेही मीच. लिफ्ट तळमजल्यावर पोहोचेपर्यंतच्या वेळात या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

गाडीचे नाव मुद्दाम सांगत नाही. नाव कळले की चर्चा त्या कंपनीच्या बाजूने आणि विरुद्ध अशी सुरू होते आणि मूळ प्रश्न मागे पडतो. देशी बनावटीची, तीन रांगांची, दोन लिटरच्या आसपासचे डिझेल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअर असलेली गाडी, एवढे वर्णन पुरेसे आहे. जाणकारांना त्यावरून दोन-तीन नावे सुचतील आणि माझे बरेचसे म्हणणे त्या सगळ्यांना लागू पडेल.

आमचे राहणे घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीच्या अलीकडे. मी टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन गाठून लोकलने कामाला जाते आणि नवरा ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जातो, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार गाडी बहुधा जागची हलत नाही. ती हलते ती शनिवार-रविवारी आणि सणावारी, आणि तेव्हा ती पूर्ण भरलेली असते. सासर सिन्नर तालुक्यात आहे. सासूबाई आणि सासरे वर्षातला निम्मा काळ आमच्याकडे आणि निम्मा गावी असतात, आणि येता-जाता त्यांच्याबरोबर बाजरीची पोती, कांद्यांच्या गोण्या, औषधांच्या पिशव्या आणि दोन्ही मुलांचे सामान असते. गाडीची निवड या भारावरून आणि मधल्या चढणीवरून ठरली.

ठाण्याहून माजिवडा, खारेगाव, मानकोली करत भिवंडीजवळच्या आमणे येथे पोहोचले की समृद्धी महामार्ग लागतो. आमणे ते इगतपुरी हा त्याचा शेवटचा, ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. जुना रस्ता कसारा घाटातून जातो आणि तेथे मालमोटारींच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगावे लागते. नवा रस्ता सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सह्याद्री पार करतो. बोगद्याने वळणे वाचली तरी चढण वाचत नाही, कारण समुद्रसपाटीजवळच्या ठाण्यातून इगतपुरीच्या माथ्यावर जायचे तर तेवढी उंची कोणत्याही वाटेने चढावीच लागते. आमच्या आधीच्या पेट्रोल गाडीत ही चढण आली की इंजिन ओरडू लागे, एसी बंद करण्याविषयी सासरे सुचवू लागत आणि मागची गाडी दिवे देऊ लागे.

नव्या गाडीत पहिल्याच फेरीला जाणवले ते हे, की चढण आली आहे हे गाडीतल्या कोणाच्याही लक्षात आले नाही. पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेलमध्ये हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. त्याला टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राची, जोड मिळाली की मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवरच इंजिनाचा जवळजवळ सगळा जोर हाती येतो. त्यामुळे ऍक्सिलरेटर किंचित दाबला तरी गिअर खाली न पडता गाडी ओढत राहते आणि इंजिनाचा आवाज संभाषणाच्या आड येत नाही. आजची टर्बो-पेट्रोल इंजिनेही कमी फेऱ्यांवर जोर देतात, काही तर धावायला डिझेलहून चपळ आहेत. परंतु लादलेल्या अवस्थेत, चढणीवर, एसी चालू असताना त्यांची तहान ज्या वेगाने वाढते त्या वेगाने डिझेलची वाढत नाही. हा फरक शोरूमच्या चाचणी फेरीत कळत नाही, कारण त्या फेरीत गाडीत तुम्ही, विक्रेता आणि नव्या कापडाचा वास एवढेच असते. चाचणीसाठी मी घरच्या चार माणसांना घेऊन गायमुखच्या घाटात जाण्याचा हट्ट धरला आणि विक्रेत्याने तो नाराजीने मान्य केला. खड्डे, अवजड ट्रक आणि तोकडा पण तीव्र चढ हे सगळे तेथे एकत्र मिळते.

आता दुसरी बाजू, आणि मला वाटते विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना हीच बाजू ऐकण्याची गरज आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा या धुराच्या प्रदूषणाच्या नियमांनी डिझेल गाडीचे स्वरूपच बदलले. देशातल्या सर्वांत मोठ्या कार कंपनीने, मारुतीने, त्याच सुमारास डिझेल गाड्या बनवणे थांबवले, यावरून त्या बदलाचा खर्च लक्षात यावा. एप्रिल २०२३ मध्ये नियमांचा दुसरा टप्पा आला आणि प्रदूषणाची मोजणी प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही होऊ लागली. परिणामी आजच्या डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते, जिला सगळे डीपीएफ म्हणतात. ही गाळणी काजळी साठवते आणि भरत आली की जादा इंधन वापरून सुमारे सहाशे अंशांच्या उष्णतेत ती जाळून टाकते. त्यासाठी गाडी काही वेळ, साधारण पंधरा-वीस मिनिटे, चांगल्या वेगात सलग चालणे आवश्यक असते.

घोडबंदर रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग वेग कोठे मिळणार? मेट्रोच्या कामाचे पत्रे, सेवा रस्त्यांची उखडलेली तोंडे आणि उरणच्या बंदराकडून गुजरातेकडे जाणारे कंटेनर यांतून मानपाड्याहून माजिवड्याला पोहोचायलाच तेवढा वेळ लागतो, आणि तोही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. रोज सकाळी मुलाला शाळेत सोडायचे, संध्याकाळी भाजी आणायची आणि महिन्यातून एकदा कोठेतरी जायचे, असा ज्यांचा वापर आहे त्यांच्या डिझेल गाडीची गाळणी अर्धवट जळते, पुन्हा भरते, आणि शेवटी दिवा लागून गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते. वारंवार अर्धवट राहिलेल्या या प्रक्रियेत न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ होण्याचाही धोका असतो. म्हणून ‘शहरातल्या शहरात वापरायला डिझेल घेऊ का’ असे कोणी विचारले की मी स्पष्ट नाही म्हणते, मग त्या माणसाने बुकिंगची रक्कम भरलेली असली तरी.

गावाची फेरी लांबणीवर पडली की मी स्वतः एक पथ्य पाळते. रविवारी पहाटे पूर्व द्रुतगती महामार्गाने घाटकोपरपर्यंत जाऊन परत येते. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे आनंदनगर नाक्यावर या फेरफटक्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. काजळी जळत असताना गाडी उभी केली तर इंजिनाच्या फेऱ्या नेहमीपेक्षा वर असतात, पंखा जोरात फिरत असतो आणि तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. अशा वेळी इंजिन बंद न करता आणखी थोडे चालवणे शहाणपणाचे. ही माहिती गाडी ताब्यात देताना मला कोणी सांगितली नाही. सनरूफ आवाजी हुकमावर कसा उघडतो हे मात्र तीन वेळा दाखवले.

याखेरीज युरियाचे द्रावण भरावे लागते. ते डिझेलमध्ये मिसळायचे नसते, त्याची टाकी आणि निळे झाकण वेगळे असते. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असे त्याचे प्रमाण असून धुरातल्या नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करणे हे त्याचे काम. ते संपत आल्याची सूचना गाडी पुष्कळ आधीपासून देते, पण दुर्लक्ष करून टाकी रिकामी होऊ दिली तर एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही. लांबच्या प्रवासाआधी मी डिझेलबरोबर तेही पाहते.

पैशांचे विचाराल, तर डिझेल स्वस्त पडते हे वाक्य आता अर्धेच खरे आहे. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के वाहनकर लागतो, डिझेलला १५ टक्के. मूळ किमतीतही डिझेल लाखभराने महाग असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर आला खरा, पण तो मोठ्या पेट्रोल गाड्यांवरही तेवढाच कमी झाला. म्हणजे दारात उभी राहीपर्यंत डिझेलसाठी सुमारे एक लाख साठ हजार रुपये जास्त गेले. आमच्याकडे पेट्रोल शंभरीच्या वर आणि डिझेल नव्वदच्या आसपास धरले, आणि शहर व महामार्ग मिळून या गाडीचे ऍव्हरेज बारा व तशाच पेट्रोल गाडीचे नऊ धरले, तर किलोमीटरमागे साधारण चार रुपये वाचतात. जादा गेलेले पैसे वसूल व्हायला चाळीस हजार किलोमीटर लागतील, आणि आमच्या वापराने त्याला चार वर्षे लागतील. नुसत्या हिशेबासाठी मी डिझेल घेतले नसते. ज्यांची गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालते त्यांनी तर या हिशेबाच्या वाटेलाही जाऊ नये.

दिल्लीत दहा वर्षांनी डिझेल गाडी बाद करण्याचा नियम झाला, आपल्याकडेही होईल, ही भीती सासरे दर आठवड्याला व्यक्त करतात. दिल्ली आणि तिच्या परिसरासाठी केलेला तो नियम महाराष्ट्राला लागू नाही. येथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर तपासणी होऊन ती वाढवता येते. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात पेट्रोल आणि डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा विचार करण्यास सांगितले आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली, हेही मी त्यांच्यापासून लपवले नाही. दहा वर्षांनी या गाडीला चांगला भाव येईल असे मी गृहीत धरलेले नाही. विजेची गाडी का नाही, याचे उत्तर छोटे आहे: आमच्या सोसायटीत चार्जरच्या जोडणीचा ठराव सर्वसाधारण सभेत दोनदा पुढे ढकलला गेला आहे.

नव्या गाड्यांतल्या रडार-कॅमेऱ्यांच्या यंत्रणेविषयीही विचारणा होते. समृद्धीवर, जेथे दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे, तेथे ती उत्तम चालते. पुढच्या गाडीपासून अंतर राखत, मार्गिकेच्या रेषा पाहत ती निमूटपणे नेते आणि पाय मोकळा राहतो. कापूरबावडीच्या चौकात तीच यंत्रणा प्रत्येक रिक्षाला अपघात समजून किंचाळते. तिचा जन्म ज्या रस्त्यांवर झाला तेथे डावीकडून ओव्हरटेक करणारा स्कूटरस्वार नसावा. शहरात मी तिची संवेदनशीलता अगदी कमी ठेवते, पूर्ण बंद करत नाही.

आकार मात्र दर वेळी जाणवतो. गाडी जवळजवळ एक मीटर नव्वद सेंटिमीटर रुंद आहे आणि आमची पार्किंगची जागा दोन खांबांमध्ये अडीच मीटर. आरसे मिटून गाडी आत घातली की एका बाजूचेच दार उघडते. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना आधीच उतरवून मग गाडी लावावी लागते. उंच आसनात त्या वर कशा चढतील याची मला काळजी होती, परंतु पायरी बसवून घेतल्यावर खाली वाकून बसण्यापेक्षा वर चढून बसणे त्यांना सोपे वाटू लागले. पूर्वीच्या गाडीतून उठताना त्यांना आधार द्यावा लागे, तो आता लागत नाही.

तिसऱ्या रांगेत दोन मुले आनंदाने बसतात. मोठ्या माणसाला मात्र तेथे गुडघे छातीशी घेऊनच बसावे लागते. शिवाय ती रांग उघडली की डिकीत दोन बॅगा कशाबशा मावतात, बाजरीचे पोते तर नाहीच. सगळ्यांना घेऊन निघायचे असेल तेव्हा सामान छतावर बांधणे भाग आहे. टपावर कॅरियर बसवण्याचे ठरवले होते, पण बेसमेंटच्या तोंडाशी आग विझवण्याचा लाल पाइप इतका खाली आला आहे की कॅरियर लावल्यावर गाडी त्याखालून जाईल की नाही याची खात्री वाटत नाही. या रविवारी नवरा टेप घेऊन मोजणार आहे.