भाजल्यानंतर अडलेलं कोपर: माझा अनुभव

भाजलेल्या माणसाचं अंग आखडतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे माझं उजवं कोपर अडायला लागलं, तेव्हा घरचे, दारचे, खानावळीतले रोजचे गिऱ्हाईक, सगळ्यांचं एकच: "कातडी आखडलीय, जोर लावून ओढ की." पण कातडी बऱ्यापैकी सैल होती. अडत होतं ते आत. कोपराच्या मागच्या बाजूला, जिथे फक्त स्नायू असायला हवा तिथे, नवीन हाड तयार झालं होतं. डॉक्टर याला हेटरोटोपिक ऑसिफिकेशन म्हणतात, बोलताना नुसतं ‘एचओ’. भाजलेल्यांपैकी थोड्याच लोकांना हे होतं आणि ज्यांना होतं त्यांच्यात बहुतेक वेळा कोपरालाच होतं. मला हे सगळं आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

अपघाताचं थोडक्यात सांगतो. सोलापूर स्टेशनजवळ आमची खानावळ आहे. सिलिंडरची नळी निसटली आणि भडका उडाला. छाती, पाठ आणि दोन्ही हात मिळून ३५ टक्के भाजलो. काही दिवस व्हेंटिलेटर, मग मांडीची कातडी काढून हातांवर कलम, रोजचं ड्रेसिंग. ड्रेसिंगबद्दल लिहीत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

घरी आल्यावर व्यायाम सुरू होते आणि कोपर हळूहळू सुटत होतं. भाजून दोन-अडीच महिने झाले असतील, तेव्हा सुटत आलेलं कोपर उलट अडायला लागलं. आज जिथवर वाकलं तिथवर उद्या वाकायचं नाही. मागच्या बाजूला गरम लागायचं, ठणकायचं. आणि करंगळीला, शेजारच्या बोटाला मुंग्या.

हे पहिल्यांदा ओळखलं ते फिजिओथेरपीच्या मॅडमनी. त्या म्हणाल्या, "व्रण अडवत असेल तर शेवटाला थोडं ताणतं, कातडी पांढरी पडते. तुमचं तसं होत नाहीये. टक्कन थांबतंय, दगडाला लागल्यासारखं. आता जोर करायचा नाही. आधी फोटो काढून आणा." एक्स-रेमध्ये कोपरामागे ढगासारखं पांढुरकं काहीतरी दिसलं. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे हाड बनत असताना वाढणारं एक द्रव्य, वाढलेलं होतं. पुढे त्याच जागेचा फोटो काढला तेव्हा ढगाच्या जागी कडा असलेलं स्पष्ट हाड होतं. अगदी सुरुवातीला एक्स-रे कोरा येऊ शकतो, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे एक फोटो चांगला आला आणि कोपर तरी अडतच चाललंय, तर काही आठवड्यांनी पुन्हा काढायला सांगायचं.

हे होतं कशामुळे? हाडाच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. मोठ्या भाजण्यानंतर सगळ्या शरीरात दाह पेटलेला असतो. त्या गोंधळात स्नायूंच्या आसपासच्या काही पेशी, ज्यांनी साधी दुरुस्ती करायची, त्या हाड बनवायच्या कामाला लागतात. भाजलेला भाग जास्त, जखम खोल, ती बंद व्हायला उशीर, व्हेंटिलेटर, अंथरुणावर बराच काळ निपचित पडणं, हे सगळं धोका वाढवतं. माझ्या बाबतीत यातलं काहीच बाकी नव्हतं. मावशीनं मात्र दूध बंद करायचा हुकूम सोडला होता. "कॅल्शियम जास्त झालंय त्याला." डॉक्टर हसले. खाण्यातल्या दुधाचा आणि या हाडाचा संबंध नाही, उलट जखमा भरायला दूध, अंडी, डाळ सगळं पाहिजे.

मामांचा उपाय वेगळा होता. त्यांच्या ओळखीचा एक हाडवैद्य. "एका झटक्यात मोकळं करतो बघ, काय घाबरायलास बे?" मी त्यांना मॅडमपुढेच नेऊन बसवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, आत हाडाचा पूल झालाय. झटका दिला तर पूल नाही, दुसरंच काहीतरी मोडेल. वरचं कलमही फाटेल." मामा गप्प झाले, पण नाराजी गेली नाही. मॅडमचं बाकी म्हणणं असं की हालचाल थांबवायची नाही, फक्त ती स्वतःच्या ताकदीनं, दुखण्याच्या अलीकडे. कोणी दुसऱ्यानं दाबून, पिळून करायची नाही.

कोपर शेवटी साधारण ६० अंशाला येऊन अडकलं (हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश). पूर्ण सरळही नाही, पूर्ण वाकतही नाही. आता तुम्ही म्हणाल, थोडं तर वाकतंय. करून बघा. घास तोंडापर्यंत पोचत नाही. मोबाइल कानाला लागत नाही. वरचं बटण, दाढी, डोक्यावर पाणी, काहीच नाही. खानावळीचा मालक आणि बायको लांब दांड्याच्या चमच्यानं भरवतेय, हे गिऱ्हाइकांनी बघू नये म्हणून मी आत जाऊन जेवायचो. चमच्यानं भाजी-भात जमायचा. कडक भाकरी मोडायची तर दोन हात लागतात, ती बंदच.

त्यात सोलापूरचा उन्हाळा. व्रण चपटे राहावेत म्हणून अंगाला घट्ट बसणारे प्रेशर गारमेंट घालायचे असतात, दिवसातले जवळजवळ सगळे तास. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ ला जातो. कलमाच्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळे बाकीचं अंग दुप्पट घामेजतं आणि कलमाला खाज सुटते ती वेगळीच. दोन जोड ठेवायचे, एक धुवायचा, एक घालायचा, आणि दुपारी बाहेर पडायचं नाही, हाच मार्ग.

मला वाटत होतं, हाड दिसलंय तर काढून टाका. पूर्वी वर्ष-दीड वर्ष थांबायचे, हाड पिकेपर्यंत, कारण लवकर काढलं तर परत येतं असा समज होता. आता तेवढं थांबत नाहीत. जखमा पूर्ण बंद, कातडी जरा मऊ आणि एक्स-रेत हाडाच्या कडा स्पष्ट, एवढं झालं की विचार करतात. पण माझ्या कोपरावर मधूनच एक जखम उघडायची. उघड्या जखमेतून हाडापर्यंत जंतू गेले तर सगळंच हातचं जाणार, म्हणून थांबणं भाग होतं. या काळात मन फार खचतं. बायको सोडून कोणावर चिडावं हेही कळत नव्हतं, आणि तिनं ते सहन केलं.

घाई केली ती मुंग्यांनी. करंगळी बधिर राहायला लागली, चिमटीतून किल्ली निसटायची. कोपराच्या आतल्या अंगानं जी नस जाते, जिला धक्का लागला की करंट बसतो, तीच नव्या हाडात गुरफटली होती. अशा वेळी जास्त वाट बघत नाहीत. सिटी स्कॅन काढला, त्यात हाड नेमकं कुठून कुठे जोडलंय आणि नस कुठे आहे याचा अंदाज आला. मग सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला, कोपराचं काम करणाऱ्या सर्जनकडे.

ऑपरेशनमध्ये आधी नस मोकळी करून पुढच्या बाजूला सरकवली, मग हाडाचा पूल काढला, आणि महिनोन् महिने न हललेलं सांध्याचं आवरणही सोडवलं. भूल दिलेली असताना टेबलावर कोपर जवळजवळ पूर्ण हललं, असं सर म्हणाले. पाठोपाठ हेही म्हणाले, "टेबलावर मिळालेलं सगळं टिकत नाही. टिकवायचं काम तुमचं." दुसऱ्या दिवशीच हात मशीनवर ठेवला. ते आपोआप वाकवतं, सरळ करतं. दुखणं ऑपरेशनपेक्षा या मशीनचं जास्त लक्षात आहे. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या आधी घ्यायची की नंतर, यावर नर्सशी भांडलोय मी. आधी घ्यायची. हाड परत होऊ नये म्हणून काही आठवडे इंडोमेथॅसिन ही दाह कमी करणारी गोळी, सोबत पोटाची गोळी, कारण इंडोमेथॅसिन पोटाला लागते. दुसरा उपाय किरणोत्साराचा एक छोटा डोस असतो, पण कलमाची कातडी नाजूक म्हणून माझ्यासाठी तो घेतला नाही.

सोलापूरला परत आल्यावर पुन्हा त्याच मॅडम. दिवसभर तास-दोन तासांनी थोडा व्यायाम, रात्री स्प्लिंट, म्हणजे हात ठरलेल्या कोनात धरून ठेवणारा साचा. हा स्प्लिंट मॅडम गरम पाण्यात मऊ करून हातावरच बसवायच्या. आठवड्याला एकदा कोनमापकानं मोजून वहीत लिहायच्या. ३० ते १३० अंश हललं की रोजची बहुतेक कामं होतात, हे त्यांनी आधीच सांगितल्यामुळे मी पूर्ण सरळ हाताचा हट्ट धरला नाही. आज माझं ते कोपर २५ ते १२५ च्या आसपास आहे. घास तोंडात जातो, फोन कानाला लागतो. कॉलरचं बटण मान वाकवून लावतो. करंगळीचा बधिरपणा बराच गेला, थोडा आहे. नस सावकाश सुधारते म्हणतात.

डाव्या कोपरातही हाड आहे, एक्स-रेत छान दिसतं. पण ते कोपर १५ ते १३० हलतं आणि नसेला काही नाही, म्हणून त्याला हात लावायचा नाही असं सरांनी सांगितलंय. अधूनमधून फोटो काढायचा. मुंग्या आल्या तर मात्र फोटोची तारीख बघत बसायचं नाही, सरळ पुणं गाठायचं.