स्लोला न थांबणारी आरएक्स आणि बीपीचं यंत्र

दिवाळीनंतर बिघडलेली माझी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल संक्रांतीला बरी झाली. मधले दोन महिने मी तिच्याच मागे होतो.

गाडी १९९३ ची. आरोग्य सेवक होतो तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या वरच्या अंगाला, लासूर-वैजापूरकडच्या पाड्यांवर हिच्यावरच फिरलो. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हा लसीचा डबा मागच्या सीटला ट्यूबच्या रबराने बांधलेला असायचा. १९९६ मध्ये हे मॉडेल बंद झालं. माझी मात्र अजून दुसऱ्या किकला सुरू होते. तिला भंगारात घालायचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही.

दुखणं असं होतं. सकाळी चोक ओढून सुरू केली की मिनिटभर छान वाजायची. चोक बंद केला, इंजिन तापलं, की रेस आपोआप चढायची. ॲक्सिलरेटर सोडला तरी चार-पाच सेकंद वरच अडकून राहायची आणि उतरली की थेट बंद. अडावदच्या रस्त्याला मोकळी पळवली तर काही तक्रार नाही. गतिरोधकाला हळू केली की मात्र संपलं.

एका गॅरेजमध्ये स्लोचा, म्हणजे रेस न देता इंजिन हळू चालू ठेवण्याचा, स्क्रू आवळून दिला. दोन दिवस बरं वाटलं, मग गार इंजिन बंद आणि गरम इंजिन बोंबलतंय. दुसरीकडे पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटरच बदलायला सांगितलं. मी आधी त्यातला स्लो जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, काढून उन्हाकडे धरून पाहिला. हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल ओलावा धरतं, गाडी पडून राहिली की बारीक जेट चोंदतो, म्हणून तोच संशय होता. पण भोकातून उजेडाचा गोल ठिपका स्वच्छ दिसला. प्लग काढला तर टोक पांढरं, चुन्यासारखं. म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. चोक ओढला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं; तो अर्धा ओढून ठेवला की गाडी स्लोला बंद न पडता चालू राही, हीही त्याचीच खूण.

आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींनी हँडलला हातही न लावता नुसतं ऐकलं. म्हणाले, "नाना, कार्बोरेटरमा काहीच नही शे. हवा कोठून ई ऱ्हायनी ते देखा."

आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीत जातं, तिथून वर सिलेंडरमध्ये. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्या, हवाबंद असावी लागतात. ॲक्सिलरेटर बंद असताना कार्बोरेटरमधून येणारी हवा एवढीशीच, त्यात सीलमधून घुसलेल्या हवेचा वाटा मोठा होतो. गाडी जोरात असताना तेवढी गळती कुठच्या कुठे विरते. म्हणून रोग फक्त स्लोला दिसतो. आणि तसंच चालवत राहिलं तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो, सीज होतो, म्हणजे सिलेंडरमध्ये जाम होतो. हे ऐकल्यावर मी गाडी उभीच करून टाकली.

मग गळती तपासायला माझं जुनं काट्याच्या तबकडीचं बीपी यंत्र काढलं. इंजिनाची सगळी तोंडं बुजवून आत हवा भरायची आणि दाब टिकतो का ते बघायचं. सायलेन्सर उतरवला, तिथं रबराचा तुकडा आणि पत्री बसवून बोल्ट आवळले. कार्बोरेटर काढून त्याच्या रबरात बूच ठोकलं, बुचातून बीपीची नळी आत घातली. ऑइलच्या बारीक नळीचं तोंड बुजवलं. पिस्टन खाली घेतला, म्हणजे सिलेंडरमधली सगळी पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटा, उघड्या राहतात. फुगा दाबत काटा २५० वर नेला आणि झडप बंद केली. काटा थांबेना. अर्ध्या मिनिटात १०० च्या खाली आला. हाताला गळती ओळखीची होती. कफ फुटलेला असला की काटा असाच सरकतो.

सिरिंजमध्ये साबणाचं पाणी भरलं. आधी मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटर बसतो तिथलं रबर: काही नाही. सिलेंडरच्या बुडाचं पॅकिंग: काही नाही. डाव्या बाजूचं झाकण काढून मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चुंबकाच्या चाकाच्या, मागे थेंब सोडले आणि शाफ्टभोवती बारीक फेस उगवला, दूध उतू येताना कडेला येतो तसा. किती वेळ मी ते नुसतं पाहत बसलो!

मॅग्नेट पुलरने उतरवला, प्लेट काढली, सील उकरून बाहेर घेतलं. त्याची ओठाची कड नखासारखी टणक झाली होती, वाकवली तर तुटलीच. नवं सील ग्रीस लावून सरळ बसवलं. तिरकं ठोकलं तर नवंही गळतं. पुन्हा २५०. काटा जागेवर. उजवीकडचं सील तूर्तास ठीक आहे. ते गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो, म्हणून ऑइलची पातळी दर महिन्याला बघतो.

शेवटी कार्बोरेटरचा हवेचा एअर स्क्रू हलका पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर, आणि मग स्लोचा स्क्रू लावला. रेस सोडली की लगेच खाली येते आता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वैजापूरला जाऊन आलो. चहा उकळेपर्यंत टपरीसमोर गाडी चालूच ठेवली, आवाज ऐकायला.