न सरकलेली टेकडी

मुलगा तीन महिन्यांचा असताना त्याच्या डाव्या काखेत गाठ आली. बीसीजीची लस डाव्या दंडावर देतात, गाठही त्याच बाजूला. "लसीचीच आहे, जिरेल," असं सांगितलं गेलं. ती जिरली नाही. पिकली, फुटली आणि चार महिने वाहत राहिली. दीड वर्षाचा झाला तशा मानेत गाठी उठल्या. सुईने नमुना काढला, रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमा' (टीबीतही दिसणारा पेशींचा पुंजका) असा शब्द आला आणि टीबीची औषधं सुरू झाली. नऊ महिने दिली. टीबीचा जंतू मात्र एकाही तपासणीत दिसला नव्हता.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. आपल्याकडे मानेत गाठ आली की टीबीचा विचार आधी करावाच लागतो. पण औषधं संपली, गाठी तशाच राहिल्या, तेव्हा "मग हा टीबीच आहे का?" असं कोणीच विचारलं नाही. मीही विचारलं नाही, याचं वाईट वाटतं.

पाचव्या वर्षी ताप आणि उजव्या कुशीत दुखणं. सोनोग्राफीत यकृतात गळू दिसलं. ते काढल्यावर पू कल्चरला गेला आणि स्टॅफिलोकॉकस निघाला. रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "ताई, एवढ्याशा मुलाच्या यकृतात हा जंतू असा शिरत नाही. याची प्रतिकारशक्ती तपासायला हवी." पू नुसता काढून टाकला असता तर आम्ही आजही चाचपडत असतो. म्हणून भेटेल त्या आईला सांगते, गळू काढलं की पू तपासायला गेला का ते विचारा.

प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी तासभर नुसते प्रश्नच विचारले. पहिली गाठ कितव्या महिन्यात? कोणत्या बाजूला? मी पिशवीतून तीन फाइली काढल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या माहेरी एखादा मुलगा लहानपणी गेलाय का?"

"नाही, मला भाऊच नाही."

"आईंना एकदा विचारा."

बाहेर येऊन सासवडला फोन लावला. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या आधीचा होता. गंडमाळेने गेला." म्हणजे मानेतल्या गाठींनी. १९८२ साली. माझा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला. घरात त्याचा विषय कधीच निघाला नव्हता.

मॅडमना संशय होता सीजीडीचा, म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजचा. साधारण दोन लाख जन्मांत एखाद्याला होणारा आजार. पांढऱ्या पेशी भरपूर असतात, त्या जंतूला गिळतातही, पण त्याला मारायला पेशीत ऑक्सिजनपासून जे जहाल रसायन तयार व्हावं लागतं, तेच होत नाही. "लाकडं रचलेली आहेत, पण पेटत नाहीत," असं मॅडम म्हणाल्या. आमचा हिमोग्राम प्रत्येक वेळी फसवा का निघत होता, ते तेव्हा कळलं. तिथे पेशी फक्त मोजल्या जातात.

त्यासाठीची चाचणी डीएचआर. रक्त ताजं लागतं, बर्फात ठेवायचं नाही, उन्हातही नाही. आणि सोबत नात्याबाहेरच्या धडधाकट माणसाची एक नळी हवी, त्याच वेळी काढलेली, त्याच डब्यातून गेलेली. प्रवासात पेशी बिघडल्या तर त्या नळीवरून कळतं. ह्यांचे एक मित्र पहाटे साडेपाचला दंड पुढे करून बसले. दोन्ही नळ्या थर्माकोलच्या डब्यात घालून मी स्वारगेटहून दादरची शिवनेरी पकडली. परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे द्यायच्या होत्या. घाटात गाडी चाळीस मिनिटं उभी राहिली. डबा मांडीवर होता. त्या चाळीस मिनिटांत मी त्यावरचा हात काढला नाही.

रिपोर्टमध्ये आलेख असतात. पेशींना चेतवलं की त्या चमकायला लागतात आणि आलेखातली टेकडी उजवीकडे सरकते. मित्राची स्वच्छ सरकली होती. माझ्या मुलाची जागची हललीच नव्हती.

मग माझं रक्त घेतलं. माझ्या आलेखात दोन टेकड्या. एक सरकलेली, एक जागच्या जागी. हा दोष अनेकदा एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. माझ्याकडे दोन एक्स, त्यामुळे काही पेशी एकावर चालतात, काही दुसऱ्यावर. मुलाला एकच मिळाला, आणि तो दोषाचा. पुढे जनुकाच्या तपासणीत सीवायबीबी हे नाव आलं. ते जनुक शास्त्रज्ञांना सापडलं १९८६ साली. मुलाचा मामा गेल्यावर चार वर्षांनी.

आता रोज जंतूंसाठी कोट्रायमॉक्सॅझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनॅझोल. आजोबांबरोबर गच्चीतलं खत ढवळणं हा त्याचा आवडीचा उद्योग होता. तो बंद केला. कुजलेल्या पाल्यातली बुरशी नाकावाटे गेली तर या मुलांच्या फुप्फुसात भयंकर आजार होतो. तो रुसला, दोन दिवस आजोबांशी बोलला नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांटने आजार कायमचा बरा होऊ शकतो. जुळणारा दाता शोधणं चालू आहे.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, म्हणून तिचीही नळी गेली. तिची एकच टेकडी, पूर्ण सरकलेली. आईच्या दोन निघाल्या. मॅडमनी तिच्यासमोर घराण्याचा तक्ता काढला. मुलींसाठी गोल, मुलांसाठी चौकोन. मामाचा चौकोन काढून त्यावर तिरकी रेघ मारली.

"त्याला हेच होतं?" आईने विचारलं.

"आता तपासून सांगता येणार नाही, आजी. पण बहुतेक हेच."

आई म्हणाली, "मला वाटत होतं, मी ससूनला न्यायला उशीर केला." मग चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "त्याला साडेचार वर्षं पूर्ण झाली होती. तेवढं इथे लिहा."