मेलेली नव्हती, झोपली होती

आज सकाळी राउटरवर आयएसडीएन लाइन ‘डीॲक्टिव्हेटेड’ दिसली आणि माझा अर्धा दिवस गेला. (हो, अजून आयएसडीएन, टेलिफोनच्या तारेवरून डिजिटल कॉल आणि डेटा नेणारी ती जुनी सेवा. हसू नका.)

पहिला संशय अर्थातच केबलवर. बदलली. मग एनटी-वन (कंपनीची तार जिथे येऊन संपते तो डबा) बंद करून चालू केला. स्टेटस जैसे थे. लेयर वन (तारेवरचा प्रत्यक्ष सिग्नल) डीॲक्टिव्हेटेड, म्हणजे त्याच्या वरच्या लेयर दोन-तीनबद्दल बोलायलाच नको. टेलिफोन कंपनीला फोन लावला, तर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "इथून लाइन ठीक आहे. कॉल करून बघितलात का?"

नव्हता केला!

काही ठिकाणी एक्स्चेंज वापर नसताना लेयर वन चक्क झोपवून ठेवतं, वीज वाचवायला. कॉल लावला की जागं होतं. हातानं टेस्ट कॉल टाकला. लेयर वन ॲक्टिव्ह, लेयर टू ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ (म्हणजे एक्स्चेंजशी बोलणं सुरू), सगळं कसं छान.

मग राउटर आपणहून डायल का करत नव्हता? कोणत्या ट्रॅफिकसाठी कॉल लावायचा ते ठरवणारी ॲक्सेस लिस्ट काल कुणीतरी ‘साफसूफ’ केली होती. एक परमिटची ओळ गायब.

लॉग उघडला. ते कुणीतरी म्हणजे मीच.

त्या कंपनीवाल्याला परत फोन करून सांगायला हवं. उद्या करतो.