‘म्हणाले’ आणि ‘म्हणाली’

बुधवार, रात्री

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण ढोंगावर बोट ठेवते. पण मैत्रिणीला दिलेला सल्ला स्वतःवर वेळ आली की सुचत नाही, यात दरवेळी ढोंग नसतं. आपण प्रसंगाच्या फार जवळ उभे असतो. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हे दाखवलं. जोडीदाराने फसवलं अशी कल्पना काहींनी स्वतःबद्दल केली, काहींनी मित्राबद्दल. मित्राचा प्रश्न असला की लोक जास्त समंजसपणे विचार करत होते. स्वतःकडे त्रयस्थासारखं पाहायला लावल्यावर मात्र ही तफावत उरली नाही.

ग्रॉसमन यांच्या गटाने पुढे हेच रोजनिशीत आणलं (२०२१). चार आठवडे, रोज एक प्रसंग लिहायचा, स्वतःला ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणून. ‘मी’ लिहिणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या विचारातला समजूतदारपणा वाढला.

आपण असं लिहायचं तर दिवसभराचं सगळं लिहू नये. एकच खटका घ्यावा, तोही राग थोडा निवल्यावर. आधी कोण काय बोललं तेवढंच. मग समोरच्याला काय दिसलं असेल, यातून आणखी काय काय घडू शकतं, आणि आपल्याला काय ठाऊक नाही. उदाहरणार्थ (यातली ‘ती’ म्हणजे लिहिणारीच):

‘दादाने आईच्या औषधांचा हिशेब मागितला. तिला वाटलं, संशय घेतोय. दुकानात मंदी आहे हे तिला माहीत होतं, त्या क्षणी आठवलं नाही. हिशेब कशाला हवा, हे तिने विचारलंच नाही.’

शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. ‘मी’ म्हणून लिहिताना ती सहसा येत नाही, कारण तिथे दादाचा हेतू आधीच ठरलेला असतो.

मराठीत घसरायला एक मात्रा पुरते. बाईने लिहिलेलं ‘म्हणाली’ नकळत ‘म्हणाले’ होतं, पुरुषाचं ‘म्हणाला’ ‘म्हणालो’ होतं, आणि ‘मी’ हा शब्द न लिहिताही ‘मी’ परत येतो. ती जागा खोडू नये, खूण करावी. बहुतेकदा दुखणं तिथेच असतं.

दुसरी चूक वकिलीची: ‘तिचं काहीच चुकलं नव्हतं.’ हा निकाल झाला, विचार नव्हे. आणि जिथे मारहाण किंवा धाक आहे, तिथे समोरच्याची बाजू समजून घेत बसूच नये. तिथे आधी सुरक्षित जागा आणि सोबतीला माणूस हवं.

वर दिलेल्या नोंदीखाली उद्यासाठी एकच ओळ: ‘दादाला फोन करून विचारायचं, हिशेब कशासाठी हवाय?’