पोपटी नर, पिवळसर मादी : ट्राबाला विष्णू ओळखताना

पावसाळ्यात कोकणातल्या आमच्या अंगणात पांढरा पडदा लावून दिवा ठेवला, की त्यावर दोन पतंग वरचेवर येत. एक लहान आणि पोपटी. दुसरा अंगाने बराच मोठा, पिवळसर हिरवा आणि पुढच्या पंखांवर आतल्या कडेला ठळक तपकिरी डाग असलेला. दोघांच्याही पंखांच्या बाहेरच्या कडेजवळून ठिपक्यांची सारखीच ओळ जात असल्यामुळे ही नर-मादी असावीत असे वाटत होते, तरी खात्री होईपर्यंत मी नोंदी वेगळ्याच ठेवल्या.

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केलेल्या भारतीय पतंगांच्या वर्णनांत ट्राबाला विष्णू या पतंगाच्या जातीचे नर आणि मादी सापडले आणि ते माझ्या छायाचित्रांशी जुळलेही. पण वर्णन जुळले म्हणजे जाती सिद्ध झाली, असे मी मानत नाही.

भिंगाखाली दोघांच्याही मिशा कंगव्यासारख्या दिसल्या. मात्र मादीने सोडलेला गंध टिपणाऱ्या नराच्या मिशांचे दाते स्पष्टपणे लांब होते. हॉक मॉथ या पतंगांच्या दुसऱ्या कुळात मी आधी पुढचा आणि मागचा पंख जोडणारा काटा पाहतो, कारण नरात तो एकच जाड आणि मादीत अनेक बारीक केसांचा असतो. पण ट्राबालाच्या लॅसिओकॅम्पिडी कुळात हा काटा नसतोच, म्हणून येथे मिशांवरच भिस्त ठेवावी लागते.

निर्णायक पुरावा मिळाला तो जांभळीवर. ही मादी अंडी दोन ओळींत घालून त्यांवर आपल्या पोटाच्या टोकाचे केस चिकटवते, त्यामुळे तो पुंजका थेट सुरवंटासारखा दिसतो. असा एक पुंजका फांदीसह आणून मलमलीने झाकलेल्या बरणीत ठेवला. सुरवंटांचे केस लागले की खाज सुटते, म्हणून ताजी पाने घालताना आणि विष्ठा काढताना चिमटाच वापरला. कोष झाले आणि त्याच पुंजक्यातून लहान पोपटी नर आणि डागवाल्या मोठ्या माद्या बाहेर पडल्या. एका मादीची अंडी असल्यामुळे दोन जातींची शक्यता उरली नाही, आणि त्यानंतरच मी दोन्ही नोंदी एका नावाखाली आणल्या.

आता प्रत्येक नोंदीत नर की मादी आणि ते कशावरून ठरवले, हेही लिहितो. जांभूळ जवळ नसेल, तर पेरू, डाळिंब किंवा एरंडावरही हे सुरवंट शोधता येतात.