आवाज अडखळतो, पण स्पीकर धडधाकट आहे

जुन्या लॅपटॉपवर गाणं तुटक वाजायला लागलं की बहुतेक जण आधी स्पीकरवर संशय घेतात. खरं तर स्पीकर गेला तर आवाज फाटतो, घोगरा होतो, नाहीतर एका बाजूनं बंद पडतो. ‘टर्र… टर्र…’ करत अडखळणारा आवाज हे वेगळं दुखणं आहे, ते वेळेचं. दुसरं कुणीतरी प्रोसेसर अडवून बसलेलं असतं आणि आवाजाचा नंबर वेळेवर लागत नाही. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे आधी रांग कोण अडवतंय ते शोधणं.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. खाली नळ कायम एकाच वेगानं चालू आहे आणि टाकी भरायला पंप ठरावीक वेळानं सुरू होतो. पंपाला उशीर झाला की नळ फुरफुरतो. वाजण्याआधी आवाज जिथे साठतो तो बफर म्हणजे ही टाकी. विंडोज एरवी दर १० मिलिसेकंदांनी आवाजाचा पुढचा तुकडा तयार करतं. आवाज ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने, असेल तर त्या एका तुकड्यात ४८० नमुने असतात. ते वेळेत पोचले नाहीत की कानाला ‘टक्’ ऐकू येतं, आणि ओळीनं अनेकदा चुकले की ‘टर्र’.

काहीही उघडण्याआधी अर्धा तास नुसतं ऐका. लॅपटॉपमध्ये साठवलेलं एखादं गाणं एअरप्लेन मोडवर लावा. ते स्वच्छ वाजलं तर संशय इंटरनेटवर किंवा वाय-फायच्या ड्रायव्हरवर (ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम). आवाजाबरोबर माउसचा बाणही गोठत असेल तर हार्ड डिस्क किंवा रॅम. हेडफोनची पिन फिरवल्यावर खरखर बदलत असेल तर जॅक. सुरुवातीला नीट वाजून वीस मिनिटांनी बिघडत असेल तर उष्णता.

उष्णतेपासून सुरुवात करावी, कारण जुन्या मशीनमध्ये ती असतेच. गाणं चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि ‘स्पीड’चा आकडा बघा. २ गिगाहर्ट्झच्या वरचा प्रोसेसर काम वाढल्यावरही ०.८ च्या आसपास अडकून राहिला असेल, तर कुणीतरी त्याचा गळा धरलाय. खालून कढत वाफा येत असतील तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय.

अशा वेळी बाहेरून ब्लोअर मारून फारसं हाती लागत नाही, उलट धूळ आणखी आत बसते. मागचं झाकण काढून, बॅटरीची जोडणी सोडवून पंखा बाजूला केला की खरा प्रकार दिसतो. पंख्याचा वारा जिथे हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, बारीक पट्ट्यांत शिरतो, बरोबर तिथे धूळ आणि केसांचा नमद्यासारखा थर दाबून बसलेला असतो. चिमट्यानं उचलला तर अख्खा तुकडा निघतो. ब्लोअर वापरायचाच तर पंख्याची पाती बोटानं अडवा, कारण हवेनं तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं.

हीटसिंक उचलल्यावर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळलेल्या खपलीसारखी निघाली तर ती ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. बसवताना त्या क्रमानं, थोडं थोडं करून आवळा, काढताना उलट्या क्रमानं. आणि शेजारच्या चिप्सवर मऊ रबरी पॅड असतील तर त्यांच्या जागी पेस्ट थापू नका. तिथली फट पेस्टनं भरून निघत नाही.

मशीन थंडगार आहे, पंखाही शांत आहे, तरी वेग ०.८ वरच? मग चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. काही लॅपटॉप चार्जर किती वॉटचा आहे हे पिनमधल्या एका बारीक तारेवरून ओळखतात. ती तार तुटली किंवा चार्जर स्वस्तातला असला की ओळख पटत नाही आणि लॅपटॉप मुद्दाम हळू चालतो. बॅटरीवर आवाज सुधारला तर गुन्हेगार चार्जर. जाता जाता : चार्जर लावल्यावर हेडफोनमध्ये सलग ‘घूं’ येत असेल तर ते अर्थिंगचं प्रकरण आहे, अडखळण्याशी त्याचा संबंध नाही.

वेग ठीक असूनही आवाज तुटतो, तेव्हा लेटन्सीमॉन नावाचं साधन वापरा. घरगुती वापरासाठी फुकट आहे. बाकी सगळं बंद करून, फक्त गाणं लावून ते दहा मिनिटं चालू द्या. कुठला ड्रायव्हर प्रोसेसर किती मायक्रोसेकंद अडवून ठेवतो ते कळतं. आकडे १,००० च्या आत राहिले तर साधं ऐकायला अडचण येऊ नये. ते ४,०००-५,००० वर उड्या मारत असतील तर रोग सापडला. ‘ड्रायव्हर्स’ टॅबवर जाऊन सर्वाधिक वेळ खाणारी फाइल वर आणा.

इथे एक फसगत होते. यादीत वर दिसणारी फाइल खरी दोषी असतेच असं नाही. ‘एनडीआयएस डॉट सिस’ (ndis.sys) हा नेटवर्कचा सामाईक रस्ता आहे, त्यावरून धावणारा वाय-फायचा ड्रायव्हर खरा वांधा करतो. ‘डीएक्सजीकर्नल’ (dxgkrnl.sys) दिसलं तर ग्राफिक्सकडे बघा. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून एकेक वस्तू डिसेबल करून आकडे पुन्हा बघायचे. आधी वाय-फाय, मग ब्लूटूथ, मग वेबकॅम. ‘एसीपीआय डॉट सिस’ (ACPI.sys) यादीत वर असेल तर ‘बॅटरीज’खालचं ‘कंट्रोल मेथड बॅटरी’ तात्पुरतं डिसेबल करा. फरक पडला तर बॅटरीच्या माहितीची सततची विचारपूस नडत होती, आणि त्यावर बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट किंवा नवी बॅटरी हा इलाज. ते कायमचं बंद ठेवू नका, चार्ज किती उरलाय ते दिसत नाही.

वाय-फाय दोषी निघालं तर विंडोजनं आपोआप टाकलेल्या ड्रायव्हरऐवजी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरचा टाका. नवा म्हणजे चांगला, हे जुन्या मशीनला लागू पडेलच असं नाही. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये वायरलेस अ‍ॅडॅप्टर ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’वर आणि पीसीआय एक्स्प्रेसचं ‘लिंक स्टेट’ ऑफ करा. प्रोसेसरचा वेग खाली उतरू न देणारं ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्के करायचं तर साफसफाईनंतर, तेही फक्त चार्जिंगवर असतानाच. नाहीतर उष्णतेचं दुखणं परत ओढवून घ्याल.

आवाजाचा स्वतःचा ड्रायव्हरही कधी कधी आडवा येतो. विंडोज आणि आर दाबून ‘एमएमसिस डॉट सीपीएल’ (mmsys.cpl) चालवा, स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ सगळ्या बंद करा. बास वाढवणारे, सभागृहाचा भास देणारे हे खेळ जुन्या प्रोसेसरला परवडत नाहीत. तरीही तेच असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेकवर (आवाजाच्या चिपचं नाव) राइट-क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, ‘लेट मी पिक’ आणि यादीतून ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आहे, कुठलाही थाटमाट नसलेला. जमलं नाही तर ‘रोल बॅक’नं मागे येता येतं.

लेटन्सीमॉनमध्ये ‘हार्ड पेजफॉल्ट्स’ भराभर वाढत असतील तर रॅम अपुरी आहे आणि लॅपटॉप पुन्हा पुन्हा डिस्ककडे धावतोय. ४ जीबी आणि ५,४०० फेऱ्यांची फिरती डिस्क या जोडीवर ब्राउझरचे पाच टॅब उघडले की हेच होणार. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोरचा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) रॉ आकडा शून्य नसेल तर आवाजाचं नंतर बघू, आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढा. अडीच इंची साटा एसएसडी त्याच खोबणीत बसते. रॅम घेताना मात्र जपून : इंटेलच्या चौथ्या पिढीच्या डीडीआर ३ वाल्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर ३ एल लागते. १.५ व्होल्टची जुनी पट्टी खोबणीत बसते, पण मशीन सुरू होत नाही.

ब्लूटूथचा हेडफोन असेल तर दोन गोष्टी. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या, कारण २.४ वर दोघांची गर्दी होते. आणि मीटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा. हेडफोनचा माइक चालू झाला की सगळं जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येतं, तो बिघाड नव्हे.

यूएसबीचं साउंड कार्ड आणून लावावं का, हा प्रश्न हमखास येतो. जॅक सैल झाला असेल किंवा आतली चिप गेली असेल तर जरूर. पण ड्रायव्हर किंवा उष्णता रांग अडवत असेल तर ते कार्डही त्याच रांगेत मागे उभं राहतं आणि तस्संच अडखळतं. खरेदीआधी पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) ‘ट्राय’ करून एक गाणं वाजवा. तिथे स्वच्छ वाजलं तर स्क्रू-ड्रायव्हर ठेवून द्या आणि विंडोजमधल्या ड्रायव्हरच्या मागे लागा. तिथेही तुटलं तर झाकण उघडायची तयारी करा.